सातबारा तुमचा, विमा तिसऱ्याचा

मोबाईलवर हल्ली एक जाहिरात सारखी डोकं वर काढते. तुमची ओळख चोरीला जाईल, तेव्हा दरमहा पैसे भरा, आम्ही पहारा देतो. परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या माणसाला ही वाचून हसूच येईल. इथे ओळख चोरायला कोणाला रात्र जागवायची गरज काय? आधार, पासबुक, सातबारा, सगळ्याच्या झेरॉक्स आपणच ऑनलाइन अर्ज भरायच्या सेंटरवर ठेवून येतो. वर निघताना विचारतो, "भाऊ, अजून एखादी लागती का?"

खोटं वाटत असेल तर पीक विमा आठवा. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा सुरू झाला. शेतकऱ्याचा रुपया, उरलेला हप्ता सरकारचा आणि अर्जामागे सेंटरवाल्याला कंपनीकडून 40 रुपये. मग काय, पाऊस असो-नसो, अर्जांचं पीक मात्र जोमात! कुणाच्या गटावर भलत्याच्याच नावाने विमा, कुठे सरकारी जमिनीवर, कुठे बियाणं न पडलेल्या रानावर. आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी डिसेंबर 2024 मध्ये विधानसभेत हा विषय काढला आणि आपल्या परळी तालुक्याचं नाव राज्यभर झालं. पुढच्याच महिन्यात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी सुमारे 4 लाख अर्ज बोगस निघाल्याचं सांगून टाकलं. त्यात बीड जिल्हा आघाडीवर. कशात तरी पहिला नंबर आला म्हणायचा! 2025 च्या खरिपाला रुपयाची योजना गुंडाळली आणि खऱ्या शेतकऱ्याच्या मानेवर पुन्हा दोन टक्क्यांचा हप्ता बसला. खाल्लं कुंपणाने, भरायचं शेताने.

आता सांगा, तो दरमहा पैसे घेणारा पहारेकरी यात काय करणार होता? त्याची नजर पॅन, ईमेल आणि कर्जाच्या खात्यावर. तुमच्या गट नंबरवर परका माणूस सोयाबीन पेरून बसलाय, हे त्याला कोण सांगणार?

आणि जिथे त्याची नजर असते, तिथेही तो करतो काय? कळवतो. तुमच्या पॅनवर कुणीतरी कर्ज उचललं, असा निरोप धाडतो. 2022 मध्ये सनी लिओनी आणि राजकुमार राव या नटमंडळींनी आपल्या पॅनवर परस्पर कर्ज निघाल्याची तक्रार केली होती, म्हणजे चोर मोठ्यांनाही सोडत नाही. पण कर्ज निघाल्यावर आलेला निरोप म्हणजे वरातीमागून घोडं. पुढची पळापळ आपल्यालाच.

या धंद्याचं मूळ अमेरिकेत. तिथल्या लाइफलॉक कंपनीचे प्रमुख टॉड डेव्हिस एवढे बिनधास्त, की त्यांनी स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथलं आधारच म्हणा, जाहिरातीत छापला, गाडीवर रंगवून फिरवला. चोरांनी मान ठेवला. 2010 च्या बातम्यांनुसार साहेबांची ओळख निदान 13 वेळा वापरली गेली. फसव्या दाव्यांबद्दल कंपनीने त्याच वर्षी 1 कोटी 20 लाख डॉलर मोजले, 2015 मध्ये आणखी 10 कोटी. तेच दुकान आता मराठीत बोलू लागलंय, एवढाच फरक.

विकत मिळणाऱ्या पहाऱ्यातलं बरंचसं आपल्याकडे फुकट आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या चौघांनी वर्षातून एकदा कर्जाचा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2017 पासून आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डं फिरतात, ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. आधारचे अंगठे, डोळे मोबाईलवरून कुलूपबंद करता येतात, त्यालाही छदाम लागत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण अंगठ्याने पैसे काढताना ओटीपी येत नाही. 2023 मध्ये बंगळुरात खरेदीखतांवरचे ठसे उचलून लोकांची खाती साफ केली गेली. खरेदीखत तर आपल्याकडे घरोघर आहे.

पण खरी गोम पुढेच. निराधारचे नाहीतर लाडक्या बहिणीचे पंधराशे अंगठ्यावर काढणाऱ्या आजीने हे कुलूप लावायचं कसं? आधारला जोडलेला नंबर नातवाचा, नातू पुण्याला. मग कुलूप लावायला ती जाणार कुठे? त्याच सेंटरवर! आणि पैसे काढायच्या दिवशी ते उघडायला पुन्हा तिथेच. सगळे सेंटरवाले चोर नाहीत. बरेचसे रात्री नऊपर्यंत सर्व्हर डाऊनशी झुंजत बसलेले असतात. पण चावी आणि कुलूप एकाच टेबलावर असलं की भरवसा माणसावरच ठेवावा लागतो, आणि त्याची वर्गणी कोणत्याच कंपनीकडे भरता येत नाही.

तेव्हा पैसे भरायचे का? ज्याच्या नावावर चार कर्जं, सहा कार्डं आणि बघायला वेळ नाही, त्याने खुशाल भरावेत. बाकीच्यांनी ते खताला ठेवावेत. झेरॉक्सवर कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला, ते आडवं लिहून सही ठोका. बँकेत जाऊन खात्याला स्वतःचा नंबर जोडा, नातवाचा नको. आणि खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला की कुणाला विचारत बसू नका, आधी सायबर हेल्पलाइनचा 1930 लावा, मग बँक गाठा. चूक तुमची नसेल आणि मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्या माथी मारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक सांगतं. बँकेतला साहेब "बघू" म्हणाला, तर तक्रारीची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.