शिकेकाईची उठाठेव

शांपूची बाटली टाकून दिली की माणूस निसर्गाच्या जवळ जातो, असं म्हणतात. आधी तो काष्ठौषधींच्या दुकानात जातो. पुण्यात मंडईच्या आसपास अशा दुकानात नुसतं "केसांसाठी" म्हणायचा अवकाश, दुकानदार पुढचं न ऐकताच पुड्या बांधायला लागतो. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला, कचोरा आणि वर मूठभर मेथ्या.

हा ऐवज रात्री लोखंडी कढईत भिजत घालायचा. सकाळी पाणी काळंकुट्ट झालेलं असतं. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड यांनी रात्रभर केलेला उद्योग! मग ते उकळायचं. त्या वासाने घरातल्यांना एकेक करून बाहेरची कामं आठवू लागतात.

खरी पंचाईत फेसाची. मळ काढतं ते शिकेकाईतलं सॅपोनिन, हे डोक्याला पटतं, पण डोक्यावर फिरणाऱ्या हाताला पटत नाही. तो बिचारा फेस शोधत बसतो. रिठा त्या मानाने दिलदार, पण डोळ्यांत गेला की ब्रह्मांड आठवतं. रिठ्याच्या पाण्याने दागिने उजळतात, रेशमी साड्या धुतात. म्हणजे आपलं डोकं निदान पैठणीच्या पंगतीला बसलं, हाच काय तो दिलासा.

सासूबाई हा सगळा खटाटोप बघून गालातल्या गालात हसतात. त्यांच्या माहेरी बहिणी-बहिणींचं न्हाणं म्हटलं की रविवारची सकाळ संपलीच. "शांपू आला आणि आम्ही सुटलो गं बाई," त्या म्हणतात, "तू पैसे मोजून परत अडकलीस!"

'हर्बल' बाटलीचा मधला मार्ग आहे म्हणा. पुढे शिकेकाईचं ठसठशीत चित्र, मागे मुंगीच्या अक्षरांत सोडियम लॉरेथ सल्फेट. न्हाणीघरात चष्मा कोण नेतो?

माझे केस काही दाट झाले नाहीत. टाळूची खाज मात्र थांबली, आणि तेवढ्यासाठी मी हे चालू ठेवणार आहे. तुम्हीही करणार असाल तर दुपदरी फडक्यातून गाळा, डोळे घट्ट मिटा आणि चोथा मोरीत न ओतता कुंडीत घाला. प्लंबर सध्या फोन उचलत नाहीत.