बाराच्या ठोक्याला सज्ञान

आपल्याकडे मुलगा तिशीला टेकला, तरी आई दारातून ओरडते, "बाळा, डबा घेतलास का?" बालगृहातल्या मुलाचं तसं नसतं. अठराव्या वाढदिवसाला, रात्री बाराच्या ठोक्याला, तो शहाणासुरता होतो. सकाळी केक, दुपारी टाळ्या, संध्याकाळी हातात पत्र्याची ट्रंक.

सरकारला काळजी नाही, असं मात्र म्हणू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात यासाठी खास ४६ वं कलम आहे. २१ व्या वर्षापर्यंत आधार द्यायला अनुरक्षणगृह नावाची सोय आहे. नाव उच्चारायला शिकेपर्यंत निम्मी मुदत सरते. 'मिशन वात्सल्य'मध्ये महिना ४,००० रुपये आहेत. तेवढ्यात पुण्या-मुंबईत कॉट मिळालीच, तर जेवणाचा प्रश्न उपासानं सुटतो.

शिवाय अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. फक्त प्रमाणपत्र हवं. म्हणजे आपलं कोणीच नाही, हे त्या कोणीच नसलेल्यानं एकट्यानं कागदोपत्री सिद्ध करायचं.

तर पोरगा खिडकीपाशी उभा. फॉर्मवर रकाने : वडिलांचे नाव, कायमचा पत्ता. दोन्ही कोरे. साहेब चष्म्यावरून बघतात. "असं कसं चालेल? घरच्या कोणाला तरी घेऊन ये."

तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजतो. पलीकडे चिरंजीव, वय वर्षं सव्वीस. "बाबा, आई बाहेर गेलीय. गीझरचं बटण कुठलं?"

साहेब मायेनं, सविस्तर सांगतात. खिडकीपुढची रांग थांबते.