मंडळीचा माणूस

मराठीतील 'मंडळी' या शब्दाचे दोन अर्थ ध्यानात घेतल्यावाचून या मनुष्यप्रकाराचा उलगडा होत नाही. जुन्या वळणाचा गृहस्थ बायकोचे नाव घेण्याचे टाळून 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' असे म्हणे, तर ख्रिस्ती मराठीत एका चर्चशी जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समुदायाला मंडळी म्हणतात. आणि पहिल्या अर्थाच्या मंडळीला दुसऱ्या अर्थाच्या मंडळीने ज्याच्या दिनक्रमातून जवळजवळ बेदखल केले आहे, असा एक इसम अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत हटकून सापडतो. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणे दिले, पुढे मिशनरी आले आणि गेले, 1970 साली निरनिराळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, पाळकांच्या, म्हणजे मंडळीची धुरा वाहणाऱ्या दीक्षित धर्मसेवकांच्या, बदल्या होत राहिल्या. हा इसम मात्र जागचा हलला नाही. पोटापाण्यासाठी तो बँकेत किंवा शाळेत नोकरी करतो, परंतु त्याचा खरा हुद्दा पंच कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या समितीचा, सेक्रेटरी हा होय. मंडळीच्या जंगम मालमत्तेच्या यादीत त्याचे नाव आढळत नाही, ही केवळ लिहिणाऱ्याची नजरचूक मानावी लागेल, आणि यादी त्यानेच लिहिलेली असते.

त्याची ओळख पटते ती खांद्यावरच्या रेक्झिनच्या पिशवीवरून. तीत पावतीपुस्तक, मंडळीचा शिक्का, सुकलेले स्टॅम्प पॅड, माइकचे दोन जुने सेल (चालतील या आशेने ठेवलेले), दानार्पणाच्या थैलीचा उसवलेला बंद शिवायला सुईदोरा, आणि अकरा किल्ल्यांचा एक जुडगा असतो, ज्यांपैकी चार किल्ल्यांची कुलुपे आज अस्तित्वात नाहीत. रविवारी उपासना नऊला असली तरी तो सातला हजर असतो. पहिल्या गीताच्या वेळी तो पंख्याचे बटण शोधत असतो, शास्त्रपाठाच्या वेळी उशिरा आलेल्यांसाठी बाक सरकवत असतो, उपदेशाच्या वेळी मागच्या खोलीत दानाची नाणी मोजत असतो. थोडक्यात, तो उपासनेला असतो, उपासनेत नसतो. त्यानंतर शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचा, हिशेब, तरुण संघाचा तंटा, आजाऱ्याची भेट असे करता करता तो घरी पोचतो तेव्हा रविवारच्या मटणाच्या रश्श्यावर तेलाचा थर गोठलेला असतो आणि घरच्यांचे जेवून झोपणेही उरकलेले असते.

शब्बाथ हा मूळचा इब्री शब्द, आणि त्याचा अर्थ थांबणे असा आहे. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, लोक शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली हे नाव पडले. न केलेल्या कामावरून एका समाजाची ओळख ठरल्याचा हा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. ख्रिस्ती लोकांनी पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार धरला. मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा तो खंडोबाचा वार आहे हाही एक युक्तिवाद होता. अशा रीतीने तेल्याला शनिवार मिळाला, खंडोबाच्या भक्ताला रविवार मिळाला, आणि दहाही आज्ञा तोंडपाठ असलेल्या या गृहस्थाच्या वाट्याला एकही वार उरला नाही. विश्रांती आता स्वर्गातच, असे तो अभिमानाने सांगतो. तेथील गायनवृंदाच्या सरावाच्या वेळा कोण ठरवतो, याची त्याला अद्याप माहिती नाही म्हणून स्वर्ग तूर्त सुरक्षित आहे.

त्याला शास्त्र ठाऊक नाही असे मुळीच नाही. बायबलमधील निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो हा मोशेने माघारी धाडलेली बायको आणि दोन मुलगे यांना घेऊन रानात येतो, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलेला पाहतो, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर वेगवेगळे नायक नेमून कामाची वाटणी कर असे त्याला बजावतो. (जावयाने सासऱ्याचे निमूट ऐकल्याचा इतका जुना दाखला अन्यत्र सापडणे कठीण.) या उताऱ्याने प्रभावित होऊन या इसमाने इमारत, नाताळ, कबरस्थान आणि प्रार्थनासभा अशा चार उपसमित्या नेमल्या, आणि चारही ठिकाणी निमंत्रक तोच झाला. एलीयाची कथाही त्याच्या आवडीची आहे. परंतु थकून झाडाखाली मरण मागणाऱ्या संदेष्ट्याला देवदूताने एक शब्दही न सुनावता भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला आणि पुन्हा त्याला खाऊ घातले, हा भाग ओलांडून तो तडक वारा, भूकंप आणि अग्नी यांवर येतो.

त्याच्यावाचून अडते हे मात्र खोटे नाही, आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांनी हे विसरू नये. रात्री दोनला कोणाच्या घरी मृत्यू झाला तर पहिला फोन त्यालाच जातो. कबर खोदणारे, पेटी, फुले, गावोगावच्या नातलगांना निरोप, सारे पहाटेपर्यंत झालेले असते, आणि शोक करणाऱ्यांना फक्त शोक करावा लागतो. अडचण एवढीच की या उपयोगीपणाची त्याला चटक लागलेली असते, आणि ज्या एका ठिकाणी उपयोगी पडल्याबद्दल कोणी जाहीर आभार मानत नाही, त्या ठिकाणी, म्हणजे स्वतःच्या घरी, त्याला करमत नाही. नाताळात पंचवीस घरांच्या दारी चांदण्या लावून देणाऱ्या या माणसाच्या दारातली चांदणी 31 डिसेंबरला लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळक केव्हा कोठे निघून जातील याचाही घरच्यांना नेम नसे. परंतु त्यांची बाजू आणि घरची बाजू दोन्ही सांगायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या, म्हणून 1934 पासून 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठीला मिळाले. या इसमाच्या पत्नीला लिहायला सवड नाही, कारण बुधवारच्या प्रार्थनासभेचा चहा तिच्याकडे असतो.

या सभेत चर्चच्या दारातील पेटीत पडलेल्या निनावी प्रार्थना विनंत्या वाचल्या जातात, आणि पेटीची किल्ली अर्थातच त्याच्या अकरा किल्ल्यांच्या जुडग्यात असते. एका बुधवारी गणिताच्या वहीतून फाडलेल्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेली विनंती निघाली, की आमच्या घरातील मोठे माणूस घरी थांबत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. त्याने ती सद्गदित स्वरात वाचली, आपल्या घराचा कारभार ज्याला नीट पाहता येत नाही तो मंडळीचा काय पाहणार, असा प्रेषित पौलाने शिष्य तीमथ्याला घालून दिलेला नियम सर्वांना समजावून सांगितला, दहा मिनिटे प्रार्थना केली, आणि सभा संपताच संशयित म्हणून तीन घरे मनाशी ठरवून तिन्ही ठिकाणी जाऊन कर्त्या पुरुषांची आस्थेने कानउघाडणी केली. साडेदहाला तो घरी आला तेव्हा मुलगी दप्तर उशाशी घेऊन झोपली होती. पत्नीने झाकलेले ताट पुढे सरकवले आणि विचारले, "सापडलं का ते घर?"

अजून नाही, तो हात धुता धुता म्हणाला. उद्या आणखी दोन ठिकाणी जाऊन येतो.