मा. सेक्रेटरी यांस

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला पात्रता एकच लागते: निवडीच्या सभेला गैरहजर असणं. मी त्या दिवशी लग्नाच्या जेवणाला गेलो होतो.

तर यंदा वार्षिक सभेत सांगायचं होतं की वर्षभरात सर्वांत जास्त तक्रारी कशाबद्दल आल्या. रजिस्टर घेऊन रेघा ओढल्या असत्या तर दुपारच्या चहापर्यंत उरकलं असतं. पण भाची म्हणाली होती की पायथन या संगणकभाषेत 2009 पासून मोजणीसाठी 'काउंटर' नावाची आयती सोय आहे, काम एका ओळीचं. ती एक ओळ लिहिता यावी म्हणून मी रात्री जागून सगळं रजिस्टर टाइप केलं, कीबोर्डवर चहा सांडला, नवा कीबोर्ड आणला, त्यावर 'ळ' कुठे आहे ते शोधण्यात रविवार घालवला आणि अखेर बटण दाबलं. पहिल्या क्रमांकावर नुसती मोकळी जागा. पार्किंगबद्दल असणार, म्हणून मी मान डोलावली. दुसऱ्या क्रमांकावर होता काना.

"मामा, अख्खा मजकूर तसाच दिलात तर तो अक्षरं आणि मात्राच मोजणार. आधी शब्द सुटे करा."

शब्द सुटे केले. 'नाही' आणि 'आहे' यांची चुरस लागली. दोघांना काढून टाकलं, तर पाणी दिसेना. आमच्याकडे उन्हाळाभर पाण्यावरून भांडणं होतात, आणि यादीत पाणी तळाला! शोधलं तेव्हा कळलं की 'पाणी', 'पाण्याचा', 'पाण्यामुळे', 'पाण्यासाठी' असे त्याचे तुकडे पडले होते, आणि पूर्णविराम चिकटलेलं 'पाणी.' वेगळीच चूल मांडून बसलं होतं. आपण विभक्ती प्रत्यय लावून मोकळे होतो. यंत्राला सामान्यरूप कोण शिकवणार? टँकरची तर कमाल. एकदा मी ट वर चंद्रबिंदू दिला होता, एकदा अर्धचंद्र देऊन वर वेगळा अनुस्वार. भिंग घेऊन पाहिलं तरी दोन्ही एकच दिसतात, पण युनिकोडच्या लेखी पहिल्यात एक चिन्ह, दुसऱ्यात दोन. म्हणजे दोन वेगळे टँकर. आमच्याकडे एकही वेळेवर येत नाही, ते सोडा.

मग 'गळती' विचारली. काउंटरचा स्वभाव असा की यादीत नसलेली गोष्ट विचारली तर तो चिडत नाही, शांतपणे शून्य सांगतो. लोकांनी 'छत गळतंय' लिहिलं होतं, गळती कुणीच नाही. इतकं सेक्रेटरीधार्जिणं उत्तर मला आजवर कुठल्याही कर्मचाऱ्याने दिलेलं नाही.

सभेत पडदा लावला, दिवे मालवले, आणि पहिल्या क्रमांकाची तक्रार मोठ्या अक्षरांत झळकली: 'सेक्रेटरी'. प्रत्येक अर्जाची सुरुवात 'मा. सेक्रेटरी यांस' अशी. यांस सुटं, त्यामुळे सगळ्या रजिस्टरात प्रत्ययाने न फुटलेला मी एकटाच. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

पाण्याचा खरा आकडा बायकोने सांगितला. तिने कॅलेंडरच्या मागे चार उभ्या, एक आडवी अशा रेघा मारून ठेवल्या होत्या. ठराव त्यावरच झाला.

तुम्हीही मराठी मजकूर मोजणार असाल तर विरामचिन्हं झाडा, टँकर एकाच पद्धतीने लिहा आणि अर्जांचे मायने आधी कापून टाका. आणि पुढची सभा जरूर चुकवा, मला बदली माणूस हवा आहे.