उगं जास्तीचं

अप्पांच्या दारात राजदूत उभी असते, असं आमच्या किल्लारीत कुणी म्हणत नाही. ती पसरलेली असते. पोत्यावर इंजिन, ओट्यावर टाकी, बाजेखाली चाक आणि काकूंच्या परातीत, डिझेलमध्ये बुडवलेला कार्बोरेटर. काकू भाकरीच्या वेळेला परात शोधत फिरू लागल्या की शेजाऱ्यांनी समजावं, अप्पांनी गाडी खोलली.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. याला गाडी चालवायची नसते, खोलायची असते. खोलताना अप्पांचा चेहरा पोथी सोडल्यासारखा असतो. जोडताना मात्र घाई, कारण मन पुढच्या खोलण्यात. त्यामुळं जोडून झाल्यावर पोत्यावर काही ना काही उरतंच. दोन नट, एखादा वॉशर, एखादी स्प्रिंग. आपण विचारावं, "अप्पा, हे कुठलं?" ते न बघता सांगतात, "कंपनीनं उगं जास्तीचं टाकलेलं असतंय."

हे जास्तीचं सगळं एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जातं. पंखा, शिलाई मशीन, पाण्याची मोटार, सगळ्यांचं थोडं थोडं त्या डब्यात आहे. त्यातल्या निम्म्या वस्तू अजून चालतात, हे मात्र मी कबूल करतो.

राजदूतबद्दल अप्पांना सगळं माहीत. ती मूळची पोलंडची. तिथल्या एसएचएल गाडीवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं आपल्याकडं काढली. इंजिन 173 सीसीचं, नाव मात्र 175. "वरचे दोन सीसी कुटं गेले?" हा त्यांचा कंपनीला जुना सवाल. मी एकदा म्हणालो, "तुमच्या डब्यात असतील." त्यावर दोन दिवस बोलले नाहीत.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात जुनी किल्लारी पडली, तेव्हा ही गाडी शेतातल्या गोठ्यात होती. वाड्यात असती तर माळवदाखाली गेली असती. त्या दिवसांबद्दल अप्पा फार बोलत नाहीत. औशाला किती खेपा केल्या ते त्यांनी मोजलं नाही. एवढंच म्हणतात, "त्या आठवड्यात एका किकला चालू व्हायची बघ." आणि पाना पुसायला लागतात. एरवी एका किकला ती कधीच चालू झालेली नाही, आधीही आणि नंतरही.

यंदा दिवाळीत गावी गेलो तर अप्पांनी पुरं इंजिन केलेलं. ब्लॉक बोअर करून आणलेला, नवा पिस्टन, नव्या रिंगा. "आता फकस्त कार्बोरेटर बसवायचा राहिलाय," म्हणाले. हे 'फकस्त' ऐकलं तेव्हाच मी पुण्याच्या गाडीचं तिकीट पुढं ढकलायला हवं होतं.

परातीतून कार्बोरेटर निघाला, पण सुई नाही, सुईची क्लिप नाही, फ्लोटची पिन नाही, आयडलिंगचा स्क्रू नाही. म्हणजे पेट्रोल किती यायचं, कधी थांबायचं आणि रेस सोडल्यावर इंजिननं कशावर जगायचं, हे ठरवणारं काहीच नाही. राहिलं होतं ते नुसतं भांडं. "अप्पा, हे पण उगं जास्तीचं का?" "मस्करी नगं. दिवा धर."

लातूरला गेलो. 40-45 किलोमीटर, एस्टीनं. गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात म्हणतात. त्यातल्या निम्म्यांवर अप्पांनी मला फिरवलं. एका दुकानात काउंटरवरच्या पोरानं कार्बोरेटर उलटासुलटा करून बघितला. त्याचंही चूक नाही. 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत हे यंत्रच राहिलेलं नाही. "काका, ही गाडी अजून हाय?" त्यानं विचारलं. अप्पा म्हणाले, "हाय. पसरलीय."

अप्पांचा भाचा कॅनडात असतो. त्याच रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा शेजारी शेडमध्ये बर्फावर चालणाऱ्या जुन्या गाडीची दोरी ओढून ओढून घामाघूम झालेला. तीही टू-स्ट्रोकच, नुकतंच इंजिन खोलून जोडलेलं, आणि चालू होईना. अप्पांनी मोबाइल कानाला लावून ती फुसफुस ऐकली. "त्येला म्हणावं, टेबलावर काय उरलंय ते दाखीव." भाच्यानं कॅमेरा फिरवला. टेबलावर एक स्प्रिंग होती. अप्पांना त्या गोऱ्या माणसाबद्दल जेवढी माया आली, तेवढी माझ्याबद्दल कधी आलेली मी बघितली नाही.

सुई सापडली ती काकूंकडं. सुईच्या डोक्याला क्लिपसाठी बारीक खाचा असतात. त्यात नाडीचं टोक बांधलं की परकरात सर्रकन जाते म्हणे. चार महिने ती घरातल्या सगळ्या नाड्या ओवत होती. क्लिपच्या जागी जळालेल्या मोटारीची तांब्याची तार गुंडाळली. नाहीतर सुई खाली बसते आणि रेस दिली की गाडी गुदमरते. फ्लोटची पिन सायकलच्या स्पोकची केली. गॅस्केट लग्नपत्रिकेचं, गणपतीला कात्री लागू न देता कापलेलं. आयडलिंगचा स्क्रू काही मिळाला नाही. त्याच्या भोकात अप्पांनी अंगाचा साबण भरला.

नव्या बोअरला तेल जास्त लागतं, म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी सढळ हातानं ओतलं. मग किका. वीस अप्पांच्या, चाळीस माझ्या. प्लग काढ, ओला, पूस, परत घाल. अंधार पडायला लागला तेव्हा सायलेन्सरमधून असा बार उडाला की गल्लीतली म्हातारी माणसं दारं उघडून रस्त्यावर आली. आमच्या गावात मोठा आवाज झाला की माणसं अजून आधी बाहेर येतात, मग विचारतात. "अप्पा, मेल्या, जीव गेला असता की!" पलीकडची आजी ओरडली. आणि त्याच वेळी इंजिन लागलं. पांढऱ्या-निळ्या धुरात आजी दिसेनाशी झाली. कुणीतरी घरातून विचारलं, डासांची फवारणी आली का.

"रेस सोडू नगंस!" अप्पा ओरडले. बरोबरच होतं. स्क्रू नव्हता, सोडली की बंद. माझी मूठ ॲक्सिलरेटरवर ठेवून ते गल्लीत सांगायला निघाले. पहिल्या घरी उभ्या उभ्या, दुसऱ्या घरी पायरीवर, चौथ्या घरी चहाला बसलेले मला धुरातून दिसले.

मनगट बधिर झालं. काकू बाहेर आल्या. माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, वाकून परात उचलली आणि राखेनं घासायला घेतली.

"भाकरी होईस्तवर सोडू नगंस, लेकरा," म्हणाल्या.