पाथोबा

फाइल सापडेना की साधा माणूस फाइल शोधतो. पाथोबा संगणकाने ती कुठे कुठे शोधली, ते शोधतात.

असा एक पाथोबा प्रत्येक आयटी कंपनीत असतोच. पन्नाशीकडे झुकलेला, पडद्यावर काळ्यावर हिरवी अक्षरं, माउसला हात लावणं म्हणजे कमीपणा. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त एचआरला ठाऊक. कुणाच्या मशीनवर ‘कमांड नॉट फाउंड’ उमटलं की यांना चार टेबलं पलीकडून वास लागतो आणि येता येताच फर्मान सुटतं, ‘‘आधी पाथ दाखव!’’

मग प्रवचन. पाथ म्हणजे डिरेक्टरींची यादी; कमांड शोधताना शेल तिच्यातली डावीकडून उजवीकडे एकेक डिरेक्टरी बघतं आणि नाव जुळलं की तिथेच थांबतं. 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न शेल आलं, त्याचा उल्लेख होईपर्यंत चहावर साय धरते. शेवटी दटावणी: यादीत सगळ्यात आधी ‘डॉट’, म्हणजे चालू डिरेक्टरी, कधीही ठेवायची नाही. कुणी आपल्या फोल्डरात ‘एलएस’ नावाची भलतीच फाइल पेरली आणि तिथे रूट युजरने एलएस मारलं, की संपलं! हे सांगताना ते मागे वळून बघतात.

माणूस बोलतो तसा निघतोही, हे कबूल करायला हवं. परवा एका नव्या पोरीचा पायथनचा चार ओळींचा प्रोग्रॅम कोसळत होता. रँडम मॉड्यूलमध्ये रँडइंट नाहीच, असं तो ठणकावून सांगत होता. तिघांनी पायथन पुन्हा इन्स्टॉल करायचा सल्ला दिला. पाथोबांनी कोडकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

‘‘फाइलला नाव काय दिलंयस?’’

‘‘रँडम डॉट पाय, सर.’’

‘‘झालं तर मग! पायथन आधी तुझ्याच फोल्डरात बघतो. त्याला तुझी रँडम मिळाली, तो खऱ्या रँडमकडे जाईल कशाला?’’

नाव बदललं, प्रोग्रॅम चालला. पाथोबा आठवडाभर जमिनीवर नव्हते.

त्यांचा स्वतःचा पाथ मात्र बघवत नाही. तीन ओळी भरतात. एकच डिरेक्टरी चारदा. कधीच उडवलेल्या जावाचं फोल्डरही अजून नांदतंय. काढा म्हटलं तर ‘‘असू दे रे, खायला मागतंय का?’’ विंडोजवर कुणीतरी सेटएक्स वापरलं आणि 1024 अक्षरांपुढचा पाथ कापला गेला, त्या प्रसंगाची कथा ते घरचं कुणी गेल्यासारखी सांगतात.

घरीही तेच. वहिनी म्हणाल्या, पासबुक सापडत नाही, की प्रश्न, ‘‘कुठल्या क्रमाने पाहिलंस?’’ टीव्हीखालच्या खणात पहिलं पासबुक मिळालं, ते घेऊन स्वारी बँकेत. ते भरलेलं, जुनं. चालू पासबुक कपाटात होतं. ‘‘पहिलं सापडलं की थांबायचं असतं,’’ हे वर वहिनींनाच.

अलीकडे त्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली. कॉन्फिग फाइल आधी चालू डिरेक्टरीत, मग होममध्ये, मग ईटीसीत शोधणारी. एकाने भीत भीत विचारलं, ‘‘सर, पायथनमध्ये शटिल डॉट व्हिच आहे ना?’’ ‘‘ते मुळात चालवायच्या फाइली शोधतं. कॉन्फिग काय चालवणार आहेस?’’ पोरगा गप्प. पहिल्याच दिवशी स्क्रिप्टने ‘कॉन्फिग’ नावाचं फोल्डरच फाइल समजून उचललं. एक्झिस्ट्सच्या जागी इझफाइल आलं. पण एक गोष्ट त्यात खरोखर झकास आहे: फाइल मिळाली नाही, तर कुठे कुठे पाहिलं ती सगळी यादी क्रमाने छापते. नुसतं ‘नॉट फाउंड’ म्हणून हात वर करणाऱ्यांनी हे शिकावं. पोरं त्या यादीला ‘पाथोबाची आरती’ म्हणतात.

काल मॅनेजरने ती स्क्रिप्ट सर्व्हरवर चालवायला घेतली. कमांड नॉट फाउंड.

‘‘पाथमध्ये घातलेली नाही अजून,’’ पाथोबा शांतपणे म्हणाले. ‘‘पुढे घालावी की मागे, त्यावर विचार चालू आहे.’’