वेताळाच्या घरची माणसं

टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स काढली आणि ती मराठीतही आणली, तेव्हा ती एखादं पोर कोपऱ्यात बसून एकटंच वाचेल, असं त्यांनी गृहीत धरलं असावं. खानदेशातलं एकत्र कुटुंब त्यांच्या हिशेबात नव्हतं. आमच्या मुक्ताईनगरात, म्हणजे तेव्हाच्या एदलाबादेत, अंक यायचा तो भुसावळला रेल्वेत असलेल्या काकांच्या डब्याच्या पिशवीतून. भाजीच्या तेलानं कव्हरावरच्या नायकाच्या, वेताळाच्या जांभळ्या पोशाखाला एक तुकतुकी आलेली असे. वाटेत काकांचा वाचून झालेला, मग आई पानं चाळून आत काही भलतंसलतं नाही ना ते बघणार, आणि मग आम्ही.

आमचे वडील, अण्णा, मात्र कॉमिक्सच्या वाटेलाही जात नसत. "काय वाची राह्यला रे? गणितं झाली का?" एवढाच त्यांचा संबंध. पण केळीचा चीक लपत नाही. बागेतून आलेल्या माणसाच्या बोटांवर तो असतोच, आणि एकदा लागला की त्याचा काळपट डाग धुऊन जात नाही. आमच्या अंकांच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, पान उलटायच्या नेमक्या जागी, तसे डाग उमटलेले असत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही पान न गाळता. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अण्णांना वेताळ का आवडला असेल, याचा अंदाज मला फार उशिरा आला. ली फॉकनं रचलेला हा वेताळ त्याच्या घराण्यातला एकविसावा. बाप गेला की मुलानं तोच मुखवटा चढवायचा, तीच कवटीची अंगठी घालायची, त्याच गुहेत राहायचं. चारशे वर्षांत एकाही पोरानं पुण्याला नोकरी धरली नाही! केळीचा बाग पुढं कोण बघणार या विवंचनेतल्या बापाला याहून सुखाची कथा कोणती?

आत्याची काळजी निराळी होती. तिला वाचून दाखवावं लागे, आणि मारामारी ऐन रंगात आली की ती विचारायची, "अन् हा लगन कधी करीन?" प्रश्न रास्त होता. वेताळ 1936 साली वर्तमानपत्रात अवतरला, डायना पहिल्यापासून त्याच्या सोबतीला, आणि लग्न लागलं 1977 साली. इतकी वर्षं मुलीकडच्यांनी धीर धरला, याचं आत्याला लग्नापेक्षाही नवल वाटलं. त्याच अंकांतल्या जादूगार मॅन्ड्रेक आणि त्याच्या नार्दाचं तर तिनं नावच टाकलं होतं.

आजीपुढं मात्र वेताळाचं काही चालत नसे. त्याचा पांढरा घोडा, तो लांडगा, सगळं ती शांतपणे बघायची आणि म्हणायची, "घोडाच का? आपला चांगदेव तर वाघावर बसून आल्ता. हातात सापाचा चाबूक." तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ, अलीकडं कोथळीला मुक्ताईचं, मधल्या टापूत वाढलेल्या म्हातारीला परदेशी शूरवीरांचं कौतुक कितीसं असणार? इथं निर्जीव भिंत मुक्ताईला आणि तिच्या भावंडांना घेऊन चांगदेवाच्या भेटीला चालत गेलेली. चौदाशे वर्षांच्या या योग्यानं मायना न सुचल्यानं कोरंच पत्र धाडलं, तर सगळ्यांत धाकट्या बहिणीनं, मुक्ताईनं, सरळ सांगितलं की एवढं जगूनही हा कोराच राहिला. पुढं त्यानं तिलाच गुरू केलं. त्यामुळं आमच्या गावात धाकट्या बहिणीला गप्प बसवायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या धाकटीला अक्षरओळख व्हायची होती. तिच्या लेखी संवादांचे सगळे फुगे कोरेच होते, आणि ते भरायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं. चाच्यांच्या टोळीला एकटा भिडलेला वेताळ तिच्या तोंडून म्हणायचा, "माय, भूक लागली." भाला घेतलेला त्याचा दोस्त गुर्रन उत्तर द्यायचा, "थांब, भाकर टाकते." डायना रडत असली तर तिला कुणी जत्रेतली बांगडी घेऊन दिलेली नसायची. आम्ही वाचता येणारी भावंडं आधी हसायचो, मग पुढच्या पानावर ती काय म्हणते याची वाट बघायचो. इंद्रजाल 1990 साली बंद पडलं. कुठं रद्दीत एखादा अंक सापडलाच, तर वेताळाचं ते छापील, करारी वाक्य वाचताना मला वाटतं, इथं छपाईत काहीतरी चुकलंय; त्याला भूक लागली होती.